पेटीमास्तरांचा आवाज

शांतवन सातपुत्यांना रत्नागिरीत सगळे पेटीमास्तर म्हणत. मास्तर ते कुठल्याच शाळेत नव्हते. आगबोटींच्या काळात बंदरावरच्या तिकीट कचेरीत कारकून होते, नंतर निवृत्त होईपर्यंत एका वखारीत. पण सत्तावन्न सालापासून दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची ती त्यांनीच. लग्न असो, दफन असो, नाताळ असो. पाळक बदलत गेले, पेटीचा भाता दोनदा बदलला, मास्तर तेच राहिले.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांची बोटं आखडली. एका रविवारी दुसऱ्या गीताच्या मध्यावर उजव्या हाताची दोन बोटं पट्टीवर जी अडकली ती उचलेचनात. एकच सूर लांबत राहिला. मास्तरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. उरलेलं गीत मंडळींनी पेटीशिवायच पुरं केलं.

पुढच्या रविवारी ते बायकोशेजारी, चौथ्या बाकावर बसले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण चर्चमध्ये सालोमीबाईंच्या शेजारी बसायची ही पहिलीच खेप. गीत सुरू झालं तरी मास्तर गप्पच. सालोमीबाईंनी कोपराने ढोसलं.

"तोंड उघडा की! शब्द येत नाहीत काय?"

खरंच येत नव्हते. एवढी वर्षं त्यांनी सूर सांभाळले होते, शब्द मंडळींवर सोडले होते. पुस्तक डोळ्यांजवळ धरून ते हळूच गाऊ लागले. आवाज जाड, थोडा घोगरा, पण सुराला पक्का.

घरी येताना सालोमीबाई म्हणाल्या, "हा आवाज आजवर कुठे लपवून ठेवला होतात?"

मास्तर हसले, पण मनातून ते खचले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेत ते एकच विचारत, "प्रभू, आता माझा उपयोग काय, ते तूच सांग." सालोमीबाई शेजारून म्हणत, "सांगेल तो. त्याच्यामागे घाई लावू नका."

त्या वर्षी नाताळ झाल्यावर कळलं, राजिवड्याच्या कमाल तांडेलाला अर्धांगवायू झाला. मास्तर तसेच चप्पल घालून निघाले.

कमाल म्हणजे त्यांची तरुणपणची दोस्ती. आगबोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. मग पडाव सुटायचे. उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं त्या मोठ्या होड्यांतून जायचं. कागदपत्रं घेऊन मास्तरांनाही जावं लागे, आणि पहिल्या लाटेलाच त्यांना मळमळायचं. कमाल सुकाणू धरून उभा असे. तो खिशातून लिंबू काढून त्यांच्या हातात द्यायचा आणि ओरडायचा, "मास्तर, वास घ्या नि आमच्यासंगती गावा! पोटाला इसर पडेल." मग वल्हेकऱ्यांचं गाणं सुरू व्हायचं. मास्तर लिंबू नाकाला लावून नुसते ताल धरायचे. पुढे आगबोटी बंद झाल्या आणि पडाव वाळूत पडून कुजले. दोघांची गाठ मग ईदेला नि नाताळाला तेवढी पडू लागली.

आता कमाल खाटेवर आडवा होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. त्याची बायको सुरय्या उशाशी बसली होती.

"मास्तर, सगळा कळता त्यांना," ती म्हणाली. "पण बोलणा नाय. नुसते बघतंत आणि डोळ्यांतना पाणी काढतंत."

मास्तरांनी कमालचा हात हातात घेतला. एकाचा हात लुळा, दुसऱ्याचा आखडलेला.

"मी मनातल्या मनात प्रार्थना करू का?" त्यांनी विचारलं.

"मनात कशाला? मोठ्यानं करा. देवाचाच नाव ना?"

मास्तरांनी प्रार्थना केली. दर गुरुवारी ते येऊ लागले. बोलून काही साधत नव्हतं, म्हणून ते गुणगुणायचे. कमाल डोळे मिटून ऐकायचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी खिडकीतून खाडीकडून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. कमालने मान वळवली. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, ते एकदम गाऊ लागले:

"आगबोट आली रं..."

जरा थांबले. पडावात इथेच सगळे वल्हेकरी एकसुरात ओढायचे. कमालचे ओठ हलले. घशातून खरखर आली, आणि मग स्पष्ट शब्द आला, "हय्या हो!"

सुरय्याच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"पडाव सुटला रं," मास्तरांनी पुढची ओळ धरली.

"हय्या हो! हय्या हो!" कमाल रडत होता, हसत होता, पण शब्द सोडत नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, असं होतं कधी कधी. बोलणं अडतं, पण गाणं वाट काढतं. गात राहा, ते म्हणाले. मास्तरांनी मग गाण्यातच एकेक शब्द घातला. पाणी. भाकरी. मासळी. महिना दीड महिना घोळवून झाल्यावर कमालने दाराकडे बघून हाक मारली, "सुरू!" लग्न झाल्यापासून तो बायकोला याच नावाने बोलवायचा. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच धावत आली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी प्रार्थनेत काहीच मागितलं नाही. नुसते गुडघ्यांवर बसून राहिले. गुडघे दुखू लागले तेव्हा सालोमीबाईंनी हात देऊन उठवलं.

कमाल पुरती वाक्यं कधी बोलला नाही, पण आणखी चार वर्षं जगला, आणि घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून गेला. मयतीला मास्तर टोपी घालून कबरस्तानात सर्वांत मागे उभे राहिले. सुरय्याने चाळिसाव्याला त्यांना आणि सालोमीबाईंना मानाने बोलावलं.

तोवर गोष्ट गावभर झाली होती. हातखंब्याच्या धोंडू आप्पांची वाचा गेली तेव्हा त्यांच्या सुनेने मास्तरांना निरोप धाडला. मास्तर एस.टी.ने गेले. धोंडू आप्पा भजनी माणूस. मास्तरांना भजनं येत नव्हती, तर त्यांनी सुनेकडून दोन शिकून घेतली. मग सावर्ड्याहून बोलावणं आलं, आणि दर गुरुवारी अशा कुणाकडे तरी जायचं हे ठरूनच गेलं.

दोन हजार सातमध्ये पंच्याहत्तरी उलटली, मोतीबिंदूही काढून झाला. मुंबईची लेक फोनवर रागावली, "बाबा, आता घरी बसा बघू!"

"बसतो की," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी बसतो."

आणि गुरुवारच्या गाडीला उशीर नको म्हणून सालोमीबाईंनी त्यांच्या पिशवीत चपाती-भाजीचा डबा आधीच घातला होता.