दोन्ही बाजू ऐकणाऱ्या सिस्टर

एक बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा ताई, बाजू पुरी होऊ द्या." आमच्या सिस्टरची ओळख करून द्यायची तर इथूनच करून द्यावी लागेल. बाजू म्हणजे कॅसेटची. ती वाजत असताना दारात कुणीही येवो, पेशंट सोडून बाकी सगळ्यांना हेच बोट दिसायचं. एकदा तपासणीला आलेले साहेब क्वार्टरपाशी पाणी मागायला गेले, तर त्यांनाही दिसलं. साहेब बिचारे शेवटचं कडवं होईपर्यंत उंबऱ्यात उभे राहिले आणि मग म्हणाले, "छान होतं."

मी शिरड शहापूरला आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीत बसते. सिस्टर तिथल्या जुन्या नर्स. सकाळची ओपीडी संपली की मी डबा घेऊन त्यांच्या क्वार्टरवर जेवायला जायचे. खोलीत बुद्धाची तसबीर, एक लोखंडी खाट आणि खाटेखाली पत्र्याच्या पेट्या, सगळ्या कॅसेटनी भरलेल्या. टेप जुना, पण असा जपलेला की विचारू नका. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून त्या टेपचं हेड पुसायच्या. लेकराला सुई टोचायच्या आधी दंड पुसावा, तितक्याच हळुवार हातानं.

कॅसेटी कुठल्या कुठल्या! औंढ्याच्या यात्रेतून आणलेल्या, हिंगोलीत दसऱ्याच्या प्रदर्शनाबाहेर जमिनीवर मांडलेल्या ढिगातून उचललेल्या, भंगारवाल्याच्या पोत्यातून काढलेल्या. भीमगीतं, कव्वाल्या, ख्याल, गझला, बँडबाजा, परदेशी गिटारी. जे मिळेल ते त्या ऐकायच्या आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोलायच्या. मला तर ते बोलणं गाण्यापेक्षा आवडायचं.

एकदा एका गोऱ्या बाईची कॅसेट लावली होती. नुसता पियानो आणि तिचा आवाज. बाजू संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ही बाई नवऱ्याला सांगून राहिली, का आता मी नांदायला येत न्हाई. पर सांगता सांगता त्याचेच कपडे घडी घालून राहिली."

मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"इंग्रजी कुठं कळते? बाई कळते ना."

दुसऱ्या एका दुपारी ढणाढणा वाजणारं काहीतरी लागलं होतं. केंद्राच्या गाडीवरचा ड्रायव्हर बाहेरून ओरडला, "सिस्टर, भांडे पडले का काय?" बोट वर झालं, पण त्याला ते भिंतीपलीकडून दिसणार कसं? बाजू संपल्यावर त्या बाहेर जाऊन त्याला म्हणाल्या, "मलाबी आधी भांडेच वाटले. मंग शेवटच्या गाण्यात पोरगं एकदम हळू झालं. तेवढं एक बोलायची हिंमत यावी म्हून एवढा आरडाओरडा केला त्यानं." ड्रायव्हरनं मान हलवली. त्याला काय पटलं कोण जाणे, पण पुढे तोच कधी कधी येऊन पायरीवर बसायला लागला.

एका म्हाताऱ्या गवयाच्या ख्यालाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "ह्यायला काईच घाई न्हाई. पेशंटला असा डॉक्टर भेटावा." कव्वाली मात्र त्या कधी बसून ऐकायच्या नाहीत. खोली झाडायच्या, डाळ निवडायच्या, पडदे धुवायच्या. आणि 'निवडक गाणी' अशी कॅसेट निघाली की नाक मुरडायच्या. "हे काई बराबर न्हाई ताई. दहा घरचे लेकरं एका टेम्पोत कोंबल्यावानी. कोन्ही कोन्हाला ओळखत न्हाई."

तुमच्याही ओळखीत असं गाणंवेडं माणूस असेल, आणि त्या वेडाला कारण असेल असं तुम्हालाही वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं.

एका दुपारी टेपमध्ये कॅसेट अडकली. सिस्टर चिमट्यानं फीत सोडवत होत्या. कव्हरवर आरत्यांचा संग्रह लिहिलेला आणि इतका वेळ वाजत होती लावणी. मला हसू आवरेना. "कव्हर एक आणि आत दुसरंच!"

त्या हसल्या नाहीत. "म्हून तर दोन्ही बाजू ऐका लागतात," म्हणाल्या. "कोन्त्या कव्हरात काय असंन, काय भरवसा?"

"पण तुम्हाला पाहिजे तरी काय त्यात?"

फीत सरळ झाली. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि सांगितलं.

त्यांचे यजमान नरसीकडच्या एका खेड्यातले. दिवसा शेतात मजुरी आणि संध्याकाळी गायन पार्टीत कोरसला. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम असायचे. त्या पार्टीची एक कॅसेट नांदेडला निघाली होती. यजमानांनी तिची एक प्रत घरी आणली आणि तसबिरीपाशी ठेवली. घरात टेप नव्हता. "घेऊ की, टेप घेऊ, मंग ऐकजो," असं म्हणत राहिले. तेवढ्यात कुणीतरी लग्नात वाजवायला म्हणून ती कॅसेट मागून नेली ती परत आलीच नाही. आणि पुढच्याच वर्षी काविळीनं यजमान गेले. मुलगी रांगत होती. सिस्टर नर्सिंगला गेल्या त्या त्यानंतर.

"फोटू हाय त्यायचा," त्या म्हणाल्या. "आवाज न्हाई. पहिल्या पगारात टेप घेतला. तवापासून धुंडून राहिले. धुंडता धुंडता बाकीच्यायची सवय लागली, ही गोष्ट येगळी."

त्यांनी पार्टीचं नाव सांगितलं. ते माझ्या डोक्यात राहिलं. मोबाइलवर मी अधूनमधून शोधायचे आणि एका दुपारी ती सापडली. कुण्या हौशी माणसानं जुन्या कॅसेटी नेटवर चढवल्या होत्या, त्यात ही एक. कव्हरचा फोटो अंधूक होता, पण नाव स्पष्ट होतं. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून क्वार्टरकडे पळाले.

सिस्टर भाकरी करत होत्या. त्यांनी तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेवर बसल्या. मोबाइल मी त्यांच्या मांडीवर ठेवला. मुख्य गायकानं पहिली ओळ घेतली. मग कोरस आला, चार-पाच पुरुषांचा भरलेला आवाज. मी सिस्टरच्या तोंडाकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

सगळी गाणी झाली. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत झाली. मी न राहवून विचारलं, "ह्यातला त्यांचा कोणता?"

"मला ओळखू येऊन न्हाई राहिलं, ताई." आणि मग फार हळू म्हणाल्या, "इसरले का काय मी त्यायचा आवाज?"

मी मोबाइल उचलून बंद केला. त्यानंतर कितीतरी दिवस क्वार्टरमधून टेपचा आवाज आला नाही. सिस्टर ड्यूटीवर यायच्या, लसीकरणाला खेड्यांत जायच्या, लेकरांना चुचकारायच्या. दुपारी मात्र आम्ही जेवून लगेच उठायचो. आनंद द्यायला गेले आणि त्यांच्याकडे होतं तेवढंही घालवून बसले, असं मला वाटायचं. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, "टेप बिघडला का?"

शेवटी मीच त्या मुख्य गायकाचा पत्ता लावायला घेतला. वसमतकडच्या एका आशाताईनं सांगितलं की म्हातारबा तिच्याच गावात आहेत, आता गात नाहीत, पण ऐकू चांगलं येतं. तिनं नंबर आणून दिला. औषधांची खिडकी बंद करून मी सिस्टरना आत बोलावलं आणि फोन स्पीकरवर लावला.

ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग तिकडून मोठा आवाज आला, "वहिनी? आमच्या गड्याची मंडळी? अगं माय माय माय!"

सिस्टरनी धीर करून विचारलं, "भाऊ, त्या कॅसेटीत त्यायचा आवाज कोन्ता? जाडा का बारीक?"

म्हातारबा म्हणाले, "वहिनी, त्यो गायलाच न्हाई त्या दिशी."

"काहून?"

"घसा बसला व्हता. आदल्या दिशी कार्यक्रमात लई ओरडला. नांदेडला आला तर तोंडातून हवाच निघे नुसती. आमी म्हनलं, बस बाजूला. तर म्हने, एवढ्या दूर येऊन रिकाम्या हातानं काहून बसू? मंग टाळी वाजवली त्यानं, सबन कॅसेटभर. तुमाला सांगितलं न्हवतं?"

"न्हाई."

"शरमला असंन. गावभर सांगून ठेवलं व्हतं ना, गातो म्हून."

फोन ठेवल्यावर सिस्टर स्टुलावर बसल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी इसरले न्हवते, ताई. त्यायचा आवाज न्हवताच त्यात." आणि मग रडल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. "बघा ना! टेप घ्यायची घाई काहून न्हवती ह्या माणसाला!"

त्या दुपारी आम्ही ती कॅसेट पुन्हा ऐकली. या वेळी टाळीच ऐकली. नीट कान दिला की ती कोरसच्या मागून सारखी येत होती, ठेक्याच्या किंचित पुढे.

"घाईच हाय हाताला," सिस्टर म्हणाल्या. "जेवायलाबी असेच बसायचे."

मला वाटलं, आता पेट्या बंद होतील. पण पुढच्याच बाजारातून त्या पिशवीभर कॅसेटी घेऊन आल्या. मी विचारलं, "आता काय शोधायचंय?"

"काई न्हाई. आता बिनकामाचं ऐकते."

आणि खरंच, त्यानंतरच्या दुपारी सर्वांत छान गेल्या. एखादी कॅसेट आवडली नाही तर त्या मध्येच बंदही करायला लागल्या. बंद करताना माझ्याकडे बघून हसायच्या, शाळा बुडवल्यासारख्या.

मग निवृत्ती आली. मुलगी पुण्याला असते, ती घेऊन गेली. टेप आणि पेट्या ड्रायव्हरनं स्वतः दोरीनं बांधून दिल्या. क्वार्टरमध्ये नवीन सिस्टर राहायला आल्या. चांगल्या आहेत, वाती वळता वळता मालिका बघतात. मी डबा खिडकीतच खाते.

सिस्टरचा फोन यायचा. बोलणं कमी. पलीकडे काहीतरी लावलेलं असायचं आणि त्या फोन टेपजवळ धरायच्या. हळूहळू फोन कमी झाले. तब्येत बरी नसते, असं मुलगी सांगायची.

शेवटचा फोन आला तेव्हा मी खिडकीत होते. पलीकडे बासरीसारखं काहीतरी वाजत होतं, पण बासरी नव्हती. लांबलचक सूर होता, मधेच थांबायचा, परत यायचा.

"ऐकून राहिले का ताई?"

"हो सिस्टर, ऐकतेय. काय आहे हे?"

तेवढ्यात एक आजी चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली. मी म्हटलं, "सिस्टर, पेशंट आलंय. संध्याकाळी करते."

"करा, करा. माणूस उभं असंन," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन ठेवला.

संध्याकाळी मी लावला तेव्हा त्या झोपल्या होत्या. आणि त्यानंतरचा फोन मुलीचा होता.

तो सूर अजून माझ्या कानात आहे. बासरी नव्हती, सनई नव्हती, काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी काय लावलं होतं, मला न्हाई सांगता यायचं. आई तर दिवसभर काही ना काही लावायची."