बांगडा गेला, मागोमाग दादा

अठ्ठ्याण्णव साली मी आचरा सोडलं तेव्हा दादा एसटीपर्यंतही आला नाही. गावाबरोबर किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढत होता. मी हाक मारली, तर दोर न सोडता म्हणाला, "जा, थंय लोकांचे मासे विक. हयचो दर्यो मी सांभाळतंय." ते वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

शारजाच्या मासळीबाजारात मी खोकी उचलण्यापासून सुरुवात केली आणि भांडून-तंडून स्वतःचा गाळा घेतला. शेजारी कराचीकडचा यूसुफ. सुरमईच्या एका खोक्यावरून आम्ही आधी एकमेकांचे बाप काढले, मग देश.

तिकडे आपलं पाणी तापत गेलं, बांगडा लांब सरकला, रापण रिकामी येऊ लागली. तुम्ही गाववाल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंत. दर्या सांभाळणारा दादा शेवटी गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी झाला. मासळीमागे ट्रॉलर उत्तरेला गेला, आणि पलीकडच्या गस्तीच्या बोटीने सगळ्यांना धरून कराचीच्या तुरुंगात घातलं.

तीन दिवस मी दिसेल त्याच्यावर ओरडत होतो. चौथ्या दिवशी यूसुफसमोर उभा राहिलो. तो म्हणाला, "मेरा साला तुम्हारे गुजरात की जेल में है. हमारे यहाँ नदी का मीठा पानी आता नहीं, समंदर खेत खा गया. मछली के पीछे न जाए तो कहाँ जाए?"

त्याने आपल्या माणसांकरवी कराचीत दादाला कपडे, औषधं पोचवायची, मी माझ्या माणसांकरवी गुजरातेत त्याच्या मेहुण्याला. आयुष्यात एवढाच सौदा मी घासाघीस न करता केला. पण सुटका आमच्या हातात नाही. दोन देशांचं जुळलं की माणसं सुटतात, फिसकटलं की साधी तारीखही कोणी सांगत नाही.

परवा गावी आलो तर भरतीचं पाणी आपल्या माडांच्या मुळाशी, विहीर मचूळ. मी बांदा गावातलं गिऱ्हाईक आणलं, घराला चांगला भाव काढला, वहिनीसाठी सावंतवाडीत खोली बघितली. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भावजी, हे सुटान इले तर खंय येतले?"

मी चिडून म्हटलं, दर्या घरात शिरेल तेव्हा काय?

"तेव्हा बगूया."

गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. तो शिव्या देत गेला, मीही दिल्या. माडांच्या पुढे दगडांचा बांध घालायला गडी लावले आणि विमानात बसलो. तो बांध किती भरत्या टिकेल ते मला कळतं. दादा येईपर्यंत टिकला म्हणजे झालं.