पाणी न मागणारी गाडी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी गॅसपाशी उभी होते. रात्री आमची मुलगी अनुजा यांच्याजवळ थांबली होती. "आई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं, येते" म्हणाले. चहा गाळला, बसून प्यायले, कप धुऊन पालथा घातला आणि मग साडी बदलून निघाले. याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत "रडून मोकळी हो, असं आतल्या आत ठेवू नये" हे नणंदेपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांचं मला सांगून झालं आहे. पण आत ठेवायला काहीतरी असावं लागतं ना... फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं माझं झालं आहे. दहाव्याला कावळा पटकन शिवला, तेव्हा भावकीतली माणसं म्हणाली, काही इच्छा राहिली नव्हती त्यांची. पण यांच्या मनात माझ्याबद्दल एक चुकीची समजूत राहून गेली आणि ती मीच राहू दिली, असं मला तेव्हा पक्कं वाटत होतं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचे हे मूळचे म्हसवडजवळच्या वस्तीवरचे. नाव सिद्धनाथ, गावात नाथा, फौजेत हवालदार क्लार्क. सव्वीस वर्षं यांनी टाइपरायटर चालवला, पण साताऱ्यात माजी सैनिक म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस रणगाडासुद्धा खोलून जोडील. यांना स्कूटरचा प्लग बदलता येत नव्हता. मी इस्लामपूरकडची, कृष्णाकाठची, उसाच्या पाटाशेजारी वाढलेली, पुढे बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमच्या संसारातली निम्मी भांडणं पाण्यावरून झाली. मी नळ सोडून भांडी घासायला बसले की हे दारात येऊन उभे राहायचे. "आली का कृष्णामाई घरात?" म्हणायचे आणि नळ बारीक करून जायचे. लहानपणी दोन कोस चालून हंडा आणलेला माणूस, त्याला काय बोलणार.

चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कामाला म्हणून हे पाचगणीला गेले आणि एका विकायला काढलेल्या बंगल्याच्या आवारात ती गाडी बघून आले. बीटल. पाठ कासवासारखी, इंजिन मागच्या बाजूला, सामान ठेवायची जागा पुढे. सिल्व्हर ओकच्या पाचोळ्यात निम्मी पुरलेली होती आणि मागच्या सीटवर कोंबडीनं घर केलं होतं. आठ दिवसांनी कोंबडी सोडून बाकी सगळं टेम्पोतून आमच्या दारात आलं. तोवर आमच्या घरात कधी चारचाकी नव्हती. आयुष्य एसटीत आणि स्कूटरवर गेलं, आणि पहिली गाडी घेतली ती आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठी. मी काही बोलायच्या आत यांनी खुलासा केला. उत्तरेला पोस्टिंगवर असताना एका डॉक्टरीणबाईंकडे अशी गाडी होती. थंडीत पाणी गोठून पलटणीच्या सगळ्या जीपा बसायच्या, ही तेवढी सुरू व्हायची, कारण हिचं इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. "हिला पाणीच लागत न्हाई, बाई," हे म्हणाले. मला ते कायम बाईच म्हणत, शाळेतल्यासारखं. "आपल्या माणदेशची गाडी हाय ही. पाण्यावाचून ऱ्हाती."

मग वर्षभर मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून काम चाललं. तो काय बोलतो ते यांना कळत नसे, पण हात बघून मी करतो म्हणायचे. पत्र्याच्या शेडमध्ये बोल्ट वाट्यांत घालून ठेवले जात, आणि मला आमटीला वाट्या मिळत नसत. इंजिनाला चारी बाजूंनी पातळ पत्रे बसवलेले होते. ते यांनी काढून टाकले. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन असं कोंडून कशाला ठेवायचं, मोकळं ठेवलं तर वारं जास्त लागेल, हा यांचा विचार. मलाही तो पटला होता, हे इथे कबूल करते. गाडी सुरू झाली त्या आठवड्यातच हे मला घेऊन पाचगणीला निघाले, बंगल्याच्या रखवालदाराला दाखवायला. पसरणीच्या घाटात निम्म्यावर जळका वास आला आणि गाडी बंद पडली. शेजारीच स्ट्रॉबेरी विकणारे बसले होते. त्यांतला एकजण पाण्याचा कॅन घेऊन पळत आला. "तापली वाटतं पावणं, थांबा, पाणी मारतो." आणि यांनी, ज्यांना हिला पाणी लागत नाही हे सगळ्या गावाला सांगायची हौस, त्यांनी मुकाट बाजूला सरून त्याला वाट दिली. तापल्या इंजिनावर थंड पाणी पडलं आणि आतून ताडकन आवाज आला, वाळकं लाकूड मोडावं तसा. यांनी त्या माणसाचे आभार मानले. टेम्पोची वाट बघत कठड्यावर बसल्यावर मी विचारलं, "अहो, नको म्हणायचं ना." हे दरीकडं बघत म्हणाले, "माणूस पाणी घिऊन पळत आला, बाई. त्येला नगं कसं म्हणायचं?"

त्या फुटक्या इंजिनानं दस्तगीर मिस्त्री आमच्या आयुष्यात आले. सांगलीचे, सत्तरीचे, माझ्याएवढेच बुटके, आणि अशा गाड्यांचं काम येणारे आसपासच्या जिल्ह्यांतले बहुतेक शेवटचे. त्यांनी इंजिन बघितलं आणि पहिलं विचारलं, "साहेब, हितलं पत्रं कुठं हायती?" यांनी सांगितलं. मिस्त्री रागावले नाहीत. "आवं, त्या पत्र्यानीच तर वारं आत वळतंय. उघडं टाकल्यावर वारं काय, कुठंबी जातंय." पत्रे आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेले होते. ते ठोकून सरळ करण्यापासून पुन्हा सुरुवात झाली. हे महिन्यातून दोनदा सांगलीला जात, मिस्त्रींच्या हाताखाली बसून शिकत आणि येऊन घरी करत. साठीनंतर हा माणूस विद्यार्थी झाला आणि चांगला विद्यार्थी झाला. मास्तरीण म्हणून सांगते, तसे फार थोडे असतात.

या सगळ्यात माझं काम एकच. इंजिन मागे आणि चावी पुढे, त्यामुळे पुढे कुणीतरी लागतं. मी गाडी चालवत नाही, पण चावी फिरवायची आणि सांगतील तसा पाय दाबून धरायचा, एवढं शिकले. "समोर त्यो लाल दिवा हाय बघ, त्येच्यावर ध्यान ठिव. लागला की वराड." मागून आवाज येई, "चावी मार... सोड... जरा दाब... हां, आता हलवू नगंस." इंजिनाचं झाकण रंगासाठी काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं असे. हे मागे उभे, मी पुढे पाठमोरी, नजर दिव्यावर. लग्नाला छत्तीस वर्षं होत आली होती, पण यांना समोरासमोर मनातलं बोलता येत नसे. तिथे येऊ लागलं. आईच्या शेवटच्या आजारात रजा मिळत असूनही आपण गेलो नाही, बघवणार नाही म्हणून गेलो नाही, हे त्यांनी मला त्या शेडमध्ये सांगितलं. मी मागे वळले असते तर ते थांबले असते, म्हणून मी वळत नसे.

गेल्या वर्षी एका रविवारी इंजिन पहिल्यांदा मनासारखं चाललं. ठिणगीची वेळ जुळवायची म्हणून मला वेग एकसारखा धरायला सांगितला होता. मागून हे म्हणाले, "बाई, परवा मी मिस्त्रीकडं न्हवतो गेलो. सांगलीलाच गेलतो, पर दवाखान्यात." मग म्हणाले, "स्वादुपिंडात गाठ हाय. पसरलीया. डॉक्टर म्हनला, वरीस निघालं तर लय झालं... पाय काढू नगंस. असाच धर." मी पाय काढला नाही. मी मागे वळूनही पाहिलं नाही. दिव्याकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळानं दिवा दिसेनासा झाला, कारण डोळे भरून वाहत होते. आवाज मोठा होता, त्यात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. मागून हे म्हणाले, "आजून थोडं चालू दे." शेजारच्या काकूंनी गॅलरीतून दोनदा डोकावून पाहिलं, इतका वेळ ते चालू होतं. मग मी पदरानं तोंड पुसलं, यांनी "बास" म्हटलं, मी चावी फिरवली. हे पुढे आले. "झ्याक धरलास पाय," म्हणाले. मी म्हटलं, "चहा टाकते."

त्यानंतर नऊ महिने मी यांच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पाहुण्यांना हे अभिमानानं सांगत, "आमची बाई दगड हाय. हलत न्हाई." मला ते सोयीचं वाटलं. आजारी माणसाला आपलं रडणं कशाला दाखवायचं... गाडी रस्त्यावर कधी आली नाही, तेवढी ताकद यांच्यात उरली नव्हती. पण उभी ठेवली तर बसेल म्हणून दर रविवारी सुरू करायचीच, हा यांचा हट्ट. मी पुढे, हे मागे. मी त्यांच्यासाठी तिथे खुर्ची ठेवली, पण ते बसत नसत. भिंतीला धरून उभे राहत, अंगातला सदरा पोत्यासारखा लोंबायला लागला तरी उभेच. आणि मी दर रविवारी त्या आवाजात पोटभर रडून घेई. घरात तेवढीच एक जागा होती मला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात एका संध्याकाळी हे म्हणाले, "माघारी रडत बसू नगंस." मी म्हटलं, "मी कधी रडते?" यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "व्हय" म्हणाले. ते आमचं शेवटचं धड बोलणं. तेव्हापासून तेच डोक्यात होतं, की आपली बायको दगडाची आहे असं समजून हा माणूस गेला. छत्तीस वर्षांच्या संसाराचा हिशोब इथे येऊन थांबला, आणि मला त्याचंही धड वाईट वाटेना.

गेल्या रविवारी दस्तगीर मिस्त्री सांगलीहून आले. मातीला येता आलं नव्हतं म्हणून भेटायला आले होते. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "वैनी, गाडी एकदा चालू करून बघू? साहेबांचा हात लागलेली हाय, अशी बसाय नगं." शेडमध्ये गेलो. मिस्त्री पुढे बसले आणि मला म्हणाले, "तुमी मागं थांबा. धूर आला तर सांगा." मी जन्मात पहिल्यांदा त्या गाडीच्या मागे उभी राहिले. गाडी सुरू झाली, धूर काही आला नाही. मी मान वर केली, तर मागच्या लहानशा काचेतून आत, पुढच्या काचेपाशी लावलेल्या आरशात मिस्त्रींचा चेहरा दिसत होता. कपाळावरची आठी, पांढऱ्या भुवया, सगळं स्वच्छ. मी काचेवर टकटक केलं आणि मोठ्यानं विचारलं, "आरसा तुम्ही हलवलात का?" मिस्त्री म्हणाले, "न्हाई. साहेबानी लावलेला तसाच हाय. पर काय तर चुकलंय बघा. साहेब केवढं उंच, आन आरसा माझ्या मापाला आलाय. रस्ता दिसंना यातनं. नुसत्या तुमीच दिसताय."

खुर्ची अजून तिथेच होती. मी तिच्यावर बसून पाहिलं. बसल्यावर आरसा दिसत नाही. पुन्हा उठून उभी राहिले आणि दिसला.

तो त्यांनी कधी वळवला, त्या रविवारच्या आधी की नंतर, हे मला कधीच कळणार नाही. मी गाडी न चालवणारी बाई, दिव्याकडे बघ म्हटलं की दिव्याकडेच बघणारी, मान वर करून आरशात कधी डोकावलेच नाही. ते मात्र नऊ महिने बघत होते. माझं सगळं रडणं त्यांनी उभं राहून पाहिलं, माझं तोंड पुसून होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला लावलं, आणि मग पुढे येऊन पायाचं कौतुक केलं. मला एकदम त्यांचा फार राग आला, आणि रागापाठोपाठ सात आठवड्यांचं सगळं एकदम वर आलं. शेडच्या खांबाला धरून मी उभी राहिले. मिस्त्रींनी आतून विचारलं, "बंद करू का, वैनी?" मी नुसती नको म्हणून मान हलवली. ती त्यांना आरशात दिसली. म्हाताऱ्यानं झटकन नजर खाली दिव्याकडे वळवली आणि पाय तसाच धरून ठेवला.