दारासुरमला जाऊन आलों

आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप इनमीन चार जणांचा, आणि पळणंही जेमतेमच. पण किस्से विचाराल तर, बाई गं, एक संपवावा तर दुसरा निघतो! सांगलीला परतल्यापासून रोज सकाळी बूट घालताना एखादा आठवतोच, आणि जीव कुंभकोणमला धाव घेतो.

नवऱ्याच्या बदलीमुळे मी तिथे तीन वर्षं होते. ग्रुपमध्ये मी, नर्स सेल्वी, जवळच्या नाचियारकोविल गावात पितळी समया ओतणारे मुरुगेसन आणि गोविंदराव. गोविंदराव म्हणजे निवृत्त मास्तर, तंजावरी मराठी माणूस. गाव त्यांना 'सार' म्हणायचं, मी अण्णा म्हणायचे.

*

पहिल्याच दिवशी अण्णा धापा टाकत पळताहेत आणि फोन वाजला. न थांबता उचलला, म्हणाले, "धावूलालों!"

मी म्हटलं, "अहो अण्णा, तीन किलोमीटर झाले, आणि तुम्ही आत्ता कुठे धावू लागलात?"

"धावूलालों म्हणजे धावतो आहे! आम्ही तीनशे वर्षं असंच बोलूलालों. बदललांत ते तुम्ही!"

*

अण्णांची एकच इच्छा होती. घरापासून दारासुरमच्या देवळापर्यंत जायचं आणि न थांबता परत यायचं. एकदाच!

"एवढं काय त्यात?" मी विचारलं.

"बायको रोज दारात उभी राहून विचारायची, 'कोठवर गेलांत?' मी म्हणायचो, 'दारासुरमला जाऊन आलों!' खरं तर निम्म्या वाटेवर कॉफी प्यायचो आणि मागे फिरायचो. ती गेली तोवर खोटंच सांगितलं हो."

मग म्हणाले, "आता घरात सगळी तमिळ. सून चांगली आहे, पण 'कोठवर गेलांत' असं कोण विचारणार?"

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी कॉफी मी पाजली.

*

पण अण्णांच्या पायांचा काही नेमच नाही! सोमवारी असे सुटले की दारासुरम गाठून अर्ध्या वाटेपर्यंत परत. मंगळवारी पहिल्याच वळणावर एका रेशीम विणकराच्या पायरीवर बसले.

सेल्वीने मुलाचं स्मार्टवॉच आणून त्यांच्या मनगटाला बांधलं. पळाले त्या दिवशी घड्याळ म्हणालं, विश्रांती घ्या. बसले त्या दिवशी म्हणालं, तयारी उत्तम!

अण्णा वैतागले. "याला तमिळ येत नाही, मराठी येत नाही. माझं काय कळणार याला, डोंबल!"

*

मग आम्ही तो सोमवार जसाच्या तसा पुन्हा केला. तोच शर्ट, तेवढ्याच तीन इडल्या, रस्त्याची तीच बाजू. अण्णा कोपऱ्यावरच गार!

मुरुगेसन म्हणाले, "सार, तेच पितळ, तीच वाळू, तीच आच. तरी एक समई गोड वाजते, एक बद्द. बद्द वाजली की आम्ही ती पुन्हा भट्टीत टाकतो. तुम्हाला कसं टाकणार?"

"थोडं थांबा," अण्णा म्हणाले, "मी आपोआप जाणारच आहे!"

सेल्वी दोन दिवस मुरुगेसनशी बोलली नाही.

*

सेल्वीने त्यांच्या सगळ्या तपासण्या करून आणल्या. रिपोर्ट एकदम साफ! अण्णांचं तोंड पडलं. काहीतरी सापडेल अशी त्यांना आशा होती.

सेल्वी हळूच म्हणाली, "सार, हे दुःखामुळे असेल. अम्मा गेल्यापासून."

"छे छे! बायको असतानाही पाय असेच वागायचे. तेव्हा तिच्या सांबाराला नावं ठेवायचो. आता कोणाला ठेवू?"

यावर कोणीच हसलं नाही. अण्णाही नाहीत.

*

मी निघाले तेव्हा अण्णांचे पाय महिनाभर बंदच होते. स्टेशनवर म्हणाले, "तू गेलीस की मराठीही बंद." गाडीत मी खूप रडले.

इथे आल्यावर दोन महिने त्यांचा फोन नाही. मीही केला नाही, विचारायची भीती वाटायची. परवा सकाळी मोबाईल वाजला. मागे बसचे हॉर्न, सेल्वीचं ओरडणं, आणि ही धाप!

"अण्णा? काय चाललंय?"

"धावूलालों!"

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "कोठवर गेलांत?"

पलीकडे नुसता श्वास. मग म्हणाले, "दारा..."

आणि फोन कट!

दारासुरम की दारात, देव जाणे. मी परत फोन लावला नाही. चुकून थांबले असते तर!