कादरभाईंचा गूळ

भोसरीहून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कादरभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीवर वितळवायचं आणि नवे टर्मिनल ओतायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. माणूस मनाने सोन्यासारखा, पण राग सदा नाकावर. गिऱ्हाइकाने "किती वेळ लागेल?" एवढं विचारलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. वय चौपन्न, पण बसमध्ये कॉलेजातली पोरं उठून जागा द्यायची, आणि कादरभाई त्यावरूनही भांडायचे.

अलीकडे विसरही पडू लागला होता. कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात तसे बरेच जण. कादरभाई तो सापडल्यावर कशासाठी शोधत होतो तेच विसरायचे.

एका शनिवारी ते नात अलमासला शाळेतून घेऊन स्कूटरवरून परस्पर सदाशिवरावांकडे गेले. सदाशिवराव म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, जुनं गिऱ्हाईक. कादरभाईंनी त्यांच्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी बसवली, जुनी मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधली आणि खड्डे चुकवत, जपून घरी आले. बायको फरीदा दारातच होती.

"अलमास कुठाय?"

कादरभाईंनी मागे वळून पाहिलं. बॅटरी जागच्या जागी होती.

दोघं तशीच उलट पावली धावली, तर पोरगी सदाशिवरावांच्या स्वयंपाकघरात मजेत पोहे खात बसली होती. "असू द्या हो भाऊ, होतं असं," सदाशिवराव म्हणाले. कादरभाई त्यांच्याशीही भांडले नाहीत, तेव्हा फरीदाला खरी काळजी वाटली. घरी येऊन ते पायरीवर बसून राहिले.

"फरीदा, माझं डोकं चाललंय गं. उद्या हिला कुठे सोडून आलो आणि आठवलंच नाही तर?"

सोमवारी फरीदाने त्यांना चिंचवडला तनुजा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी धंदा विचारला, मग रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं भलतंच निघालं.

"वयाचाही भाग असेल, बाकीचंही तपासू," डॉक्टर म्हणाल्या. "पण शिसं अंगात साठलं की माणूस चिडका होतो, विसरतो, वेळेआधी म्हातारा दिसायला लागतो. तुमचं हे त्याच्यामुळे असू शकतं."

फरीदा उसळलीच. "म्हणजे ह्यांच्या रागापायी तीस वर्षं मी ह्यांच्या अम्मीला उगाच बोल लावत होते?"

कादरभाईंना काही पटेना. "मॅडम, मला शिसं बाधेलच कसं? मी रोज गूळ खातो!" भट्टी उतरली की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे धूर-धूळ पोटात टिकत नाही, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण.

"हात धुऊन खाता ना?"

"आधीच हात धुतले, तर मग गूळ कशाला खायचा?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरात आणखी कोणी खातं का हा गूळ?"

कादरभाई उत्तर द्यायला हसत सरसावले आणि तिथेच थांबले. रोज संध्याकाळी दुकानातल्याच कपड्यांनी ते अलमासला मांडीवर घ्यायचे आणि त्याच काळ्या बोटांनी एक खडा तिच्या तोंडात घालायचे. साऱ्या भोसरीत एवढ्या एकाच माणसावर ते कधी ओरडले नव्हते. आता त्यांना रडू आवरेना.

अलमासच्याही रक्तात शिसं निघालं, आजोबांपेक्षा पुष्कळ कमी, पण निघालं. लहान मुलांना थोडंही वाईट, आता घरात शिशाचा कणही येता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं. त्याच दिवशी भट्टी विझली. कादरभाई आता तयार बॅटऱ्याच विकतात, दुकानाचे कपडे दुकानातच ठेवतात आणि अंघोळ करून घरी येतात. विसर अजून पडतो. राग निम्म्यावर आलाय. उरलेला निम्मा त्यांचा स्वतःचा, असं फरीदा म्हणते.

गूळ मात्र चालू आहे. फक्त डबा आता अलमासच्या ताब्यात असतो.

"दादा, हात दाखवा," ती आजोबांना फर्मावते.

एका शब्दाला दहा सुनावणारे कादरभाई सहा वर्षांच्या पोरीपुढे दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवतात. तीस वर्षांची काळी रेघ नखांच्या कडेला अजून आहे.

"अजून काळे आहेत."

कादरभाई उठतात आणि पुन्हा नळाखाली हात धरतात.