बँकॉकमध्ये भाऊजींची पुढारकी

बँकॉकला जायचं भाऊजींनी ठरवलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या घरची वीज तोडल्यामुळे आपलं कुणी ऐकणार नाही असंही होऊ शकतं, हे त्यांना ठाऊकच नाही. मी अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवून नुकतीच मोकळी झाले होते. ताई म्हणाली, "तू चाल वं संगं, मी एकटी यायले कुठं सांभायत बसू?" म्हणून मी गेले.

निघण्याआधी भाऊजींनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "तो आपलाच देश समजा. सारे बुद्धाचे लोक. शांत, स्वच्छ. अन् गर्मीचं म्हनान, तर अकोल्याच्या मे महिन्यात म्या खांबावर चढून काम केलं. मले कोन गर्मी सांगते?"

विमानतळाचं दार उघडलं आणि उत्तर मिळालं. आपल्याकडचं ऊन अंगावर येतं, भाजतं, पण सावलीत गेलं की सोडतं. तिथली हवा ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटली ती चिकटलीच. घाम येतो आणि वाळत नाही. भाऊजींनी सवयीप्रमाणे डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा बांधला, फक्त डोळे उघडे. अमरावतीत उन्हाळ्यात निम्मं गाव असंच फिरतं. तिथल्या रेल्वे स्टेशनावर मात्र पहारेकऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं, दुपट्टा सोडायला लावला आणि खिसे तपासले. खिशातून ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा निघाला. पहारेकऱ्यानं कांदा नाकाशी नेला, मग आमच्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

शहराबद्दल मी काय सांगू? मोटारसायकली फुटपाथवरून, माणसं रस्त्यावरून. डोक्यावर विजेच्या तारांचे एवढे गुंते की भाऊजी दर खांबाखाली थांबून तोंड वर करून म्हणत, "ह्या कामावर मी असतो तर साऱ्यायले घरी बसवलं असतं." मागून हॉर्न वाजायचा आणि ताई त्यांना शर्टाला धरून ओढायची. हॉटेलच्या खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागलेली. पडदा मात्र झालरीचा.

जेवणाची आम्हाला भीती नव्हती. आम्ही मटण, मासळी, सगळं खातो. पण पहिल्याच रश्श्याचा घोट घेऊन ताईनं चमचा खाली ठेवला. "यायनं मटनात गूय टाकला काय वं?" पुण्याच्या व्याह्यांकडे गोड आमटी समोर आली होती, त्यावर आम्ही वर्षभर हसत होतो. इथं तर अख्खं शहर पुण्याचं निघालं, वरून त्यात मासळीचा उग्र वास. भाऊजी मात्र मान हलवत खात राहिले, कारण देश त्यांनी निवडला होता.

दर इमारतीच्या अंगणात खांबावर एक छोटं घर. त्यात बाहुल्या, पुढे लाल सरबताच्या बाटल्या, झाकण काढून नळी खोचलेल्या. भुताखेतांना प्यायला. ते बघून भाऊजींचा चेहरा पडला. "आपन दीक्षा घेऊन जे घरातून बाहेर काढलं, थे यायनं अंगनात मांडून ठेवलं," ते म्हणाले. रस्त्यावर तावीज विकणारे बसले होते. गिऱ्हाइकं डोळ्याला भिंग लावून एकेक तावीज पारखत होती, जशी आपल्याकडे मंडईत वांगी. मला गंमत वाटत होती. भाऊजींना नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका विहारात गेलो. सोनेरी मूर्ती, गार फरशी. भाऊजींनी हात जोडले आणि मोठ्यानं पालीतली वंदना सुरू केली, आमच्या कॉलनीत ध्वनिक्षेपक बंद पडला की करतात तशी. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं चमकून पाहिलं, हसली आणि तीही म्हणू लागली. शब्द तेच, पण नाकातून, लांबवून. क्षणभर मला भरून आलं. पण भाऊजींनी आवाज चढवला. मग तिनं. मग त्यांनी. संपल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "पाली चुकून राहिली थे."

इतक्यात एक रखवालदार ताईजवळ आला आणि तिच्या पायांकडे बोट करून काहीतरी बोलू लागला. ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, ती पाय पसरून बसली होती, तळवे मूर्तीकडे. भाऊजी उठले. "काहून? पाय दुखते तिचे! पाय हाय ना, पैर! पैर मे दर्द!" रखवालदाराला हिंदी येत नव्हती आणि भाऊजींना हळू बोलता येत नव्हतं. सगळा विहार आमच्याकडे बघत होता. ताई लाल झाली, उठायला गेली आणि तिला उठता येईना.

म्हातारीनं खांद्यावरची ओढणी काढली, ताईच्या पावलांवर पांघरली आणि रखवालदाराला दोन शब्द सुनावले. तो गेला. म्हातारी ताईच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

भाऊजी म्हणाले, "शिकवाले आले आपल्याले," आणि तरातरा बाहेर गेले. बाहेरची फरशी तव्यासारखी तापलेली. चपलांच्या मांडणीपर्यंत जाता जाता त्यांना घेरी आली. आम्ही त्यांना टॅक्सीत घालून हॉटेलात आणलं. पुढे ते झालरीच्या पडद्याकडे तोंड करून पडून राहिले. मीठ-साखरेचं पाणी तेवढं प्यायचे.

ताई आणि मी दोघीच फिरलो. नदीवरच्या गर्दीच्या होडीत आम्हाला ढकलून आत घेतलं, ढकलूनच उतरवलं. नदी घाण होती, डिझेलचा धूर नाकात जात होता. तरी ताई काठाला धरून उभी, केस उडत होते, आणि तिनं मला विचारलं, "मी किती वर्सांनी यायच्याबिगर बाहेर पडली असन वं?"

संध्याकाळी परतलो तर भाऊजी उठून बसले होते. "काय पायलं?"

"तुमाले काय करायचं? झोपा," ताई म्हणाली.

ते झोपले. त्यानंतर ते आमच्या मागून चालत होते, रस्ता ओलांडताना ताईचा पदर धरून. शहर तसंच राहिलं, गोड आणि चिकट.

बडनेऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा शेजारी घ्यायला आले होते. भाऊजींनी छाती काढून सांगितलं, "पुढच्या वर्सी श्रीलंका." ताईनं ऑटो थांबवला, जड बॅग आत सरकवली, माझ्यासाठी जागा केली आणि भाऊजींना पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं.