हसणाऱ्या साहेबाचं पोस्टर

"हात धुतलेस?" नमस्काराच्या आधी काकांचा हा प्रश्न. धुतले म्हटलं तरी टॉवेल पुढे करायचे. मग पलंगाखालची पुठ्ठ्याची नळी ओढून पोस्टर उलगडताना म्हणायचे, "श्वास जरा लांबून घे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा छांदिष्ट असेलच. आमचे काका हॅम्बर्गच्या एका जहाज कंपनीत ड्राफ्ट्समन होते, माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. तरुणपणी कामासाठी जपानला गेले आणि बंद पडलेल्या थिएटरांतून जुन्या विनोदी सिनेमांची पोस्टरं घेऊन आले.

त्यातलं एक मला फार आवडायचं. पिवळाधमक कागद, त्यावर खदाखदा हसणाऱ्या साहेबाचं हे एवढं डोकं, फोटोतून कापलेलं; खाली रंगवलेलं इवलंसं धड. मागे कमरेत वाकलेले कारकून. सिनेमाचं नाव लाल रंगात, कुंचल्याने तिरपं लिहिलेलं.

"महायुद्धानंतर जपानात राबराब राबलेली माणसं ही," काका सांगत. "रविवारी थिएटरात साहेबाला हसायचं, सोमवारी परत वाकायचं. तो शेवटचा कारकून दिसतो ना? तो मी." खोटं नव्हतं. त्यांनी शिकवलेली पोरं त्यांचीच साहेब झाली होती.

ते निवृत्त झाले आणि एका म्युझियमच्या बाईंनी पोस्टरं मांडायचं कबूल केलं, खाली पाटीवर काकांचं नाव. "माझं नाव, जर्मन पाटीवर!" त्या दिवशी पेढा देताना त्यांनी माझे हातसुद्धा तपासले नाहीत.

तेवढ्यात त्यांच्या छातीत दुखलं. मी तेव्हा सुट्टीवर भारतात; हॉस्पिटलात जाताना, झाडांना पाणी घालायला म्हणून, त्यांनी किल्ली आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे दिली. या गृहस्थांनी प्रेमापोटी काय करावं? सगळी पोस्टरं लॅमिनेट करून आणली! आपल्याकडे दहावीचं सर्टिफिकेट काय, देवाचा फोटो काय, मोलाचं म्हटलं की लॅमिनेट.

"काका, सरप्राइज! आता काही होत नाही यांना."

काका त्या चकाकणाऱ्या साहेबाकडे बघत राहिले. "वा, छान झालं हो," म्हणाले. तिथेही वाकलेच. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू!

बाई आल्या. प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटलं होतं. "शाडे," म्हणाल्या. म्हणजे जर्मनमध्ये अरेरे, एवढंच. पुन्हा फिरकल्या नाहीत. काकांनी पोस्टरं मंडळाला देऊन टाकली आणि त्याच हिवाळ्यात गेले.

पुढच्या गणपतीत साहेब मंडळाच्या हॉलच्या किचनमध्ये, आमटीच्या पातेल्यामागे लटकत होता. वाढताना त्याच्यावर आमटी उडाली. अध्यक्षांनी ओल्या फडक्याने साहेबाचा चेहरा लख्ख पुसला.

"बघा! म्हणून लॅमिनेट केलं."

शेवटच्या कारकुनाच्या तोंडावरून आमटी ओघळत होती. तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.